शंभर मेंदू, एक स्क्रिप्ट: लूप पळतो, पण बघत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून ठेवलाय.

आजचा विषय आहे मेंदूचे स्कॅन. एक-दोन नाही, शंभर. आणि ते सगळे एकाच स्क्रिप्टने कसे तपासायचे. आता मी काही डॉक्टर नाही. साधा बीटेक कॉम्प्युटरवाला माणूस. पण गेली काही वर्षं मेंदूच्या एमआरआयवर संशोधन करणाऱ्या लोकांसाठी कोड लिहितोय. आणि या कामात एक वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं: "अरे, एकाचं झालंय ना? मग काय, लूप लावून टाक."

या "लूप लावून टाक"बद्दलच आज बोलायचंय. कारण लूप लावणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि खरं काम त्याच्या नंतर सुरू होतं.

आधी हा डेटा असतो कसा ते बघू

फंक्शनल एमआरआयमध्ये माणूस त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपतो. डोकं हलवायचं नाही. मशीन धडधड आवाज करत साधारण दर दोन सेकंदांनी पूर्ण मेंदूचं एक त्रिमितीय चित्र काढतं. हे चित्र छोट्या छोट्या ठोकळ्यांचं असतं. फोटोत जसा पिक्सेल, तसा इथे व्हॉक्सेल. प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये एक आकडा. तो आकडा मेंदूतल्या पेशींचं काम थेट सांगत नाही. तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नलमध्ये जो बदल होतो, तो सांगतो.

आता हिशोब करा. समजा एका चित्रात ६४ गुणिले ६४ गुणिले ३५ ठोकळे. झाले १,४३,३६०. पाच मिनिटं स्कॅन चालला, दर दोन सेकंदांना एक, म्हणजे १५० चित्रं. एका माणसाचे दोन कोटी पंधरा लाख आकडे. आणि असे शंभर लोक.

हे आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. आधी कवटी आणि कातडीचा भाग काढून फक्त मेंदू ठेवायचा. मग डोकं थोडं हललं असेल ते सरळ करायचं. मग प्रत्येकाचा मेंदू एका ठरलेल्या साच्यावर बसवायचा, कारण कुणाचं डोकं मोठं, कुणाचं लांबट. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये १५२ लोकांच्या स्कॅनची सरासरी काढून बनवलेला एक साचा जगभर वापरतात. त्यानंतर चित्र थोडं गुळगुळीत करायचं आणि मग कुठे संख्याशास्त्र सुरू. यासाठी तयार सॉफ्टवेअर आहेत: लंडनचं एसपीएम, ऑक्सफर्डचं एफएसएल, अमेरिकेतलं एएफएनआय आणि फ्रीसर्फर. यातल्या बहुतेकांत बटणं दाबूनही काम होतं. एका माणसाला अर्धा तास धरला, तरी शंभर लोकांना पन्नास तास नुसतं क्लिक, क्लिक, क्लिक.

म्हणून स्क्रिप्ट. पण वेळ वाचतो हा स्क्रिप्टचा दुय्यम फायदा आहे. मुख्य फायदा वेगळाच आहे.

पंक्तिप्रपंच नको

लग्नात पंगतीला बसल्यावर ओळखीच्याला दोन जिलब्या आणि अनोळखी माणसाला अर्धी, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. हाताने विश्लेषण करताना नेमकं हेच होतं. पहिल्या दहा जणांना आपण मन लावून सेटिंग देतो. साठाव्यापर्यंत हात दमलेला असतो. एखाद्याची कवटी नीट निघाली नाही, की त्याच्यापुरता एक आकडा बदलतो. पुढच्याला तो आकडा परत जुना करायचा राहतो. कुठे काय बदललं, याची नोंद कुठेच नाही.

स्क्रिप्ट सगळ्यांना एकच वाढते. रुग्ण असो की निरोगी, पहिला असो की शंभरावा, तीच पायरी, तोच आकडा. आणि एखाद्याला खरंच वेगळं काही द्यावं लागलं, तर ते एका वेगळ्या फाइलमध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. उद्या कुणी विचारलं की २७ नंबरला वेगळी सेटिंग का, तर उत्तर तयार.

हे किती महत्त्वाचं आहे? २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. १०८ लोकांचा एकच फंक्शनल एमआरआय डेटा ७० वेगवेगळ्या गटांना दिला आणि तेच ९ प्रश्न विचारले. ७० पैकी कुठल्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती. आणि काही प्रश्नांवर उत्तरंही चांगलीच वेगवेगळी आली. डेटा तोच! म्हणजे मधल्या पायऱ्या उत्तर बदलू शकतात. त्या पायऱ्या जिथे अक्षरशः लिहिलेल्या असतात ती जागा म्हणजे तुमची स्क्रिप्ट.

पण घाण्याच्या बैलाला झापडं असतात

आता दुसरी बाजू. लूप म्हणजे घाण्याला जुंपलेला बैल. गोल गोल फिरेल, दमणार नाही, तक्रार करणार नाही. पण त्याच्या डोळ्यांना झापडं आहेत. घाण्यात शेंगदाणे पडले की खडे, त्याला फरक पडत नाही.

आपण हाताने काम करायचो तेव्हा हळू होतो, कंटाळायचो, पण प्रत्येक मेंदू एकदा तरी डोळ्यांखालून जायचा. एखादं चित्र वाकडं दिसलं की थांबायचो. स्क्रिप्टने तो कंटाळा घालवला आणि त्याबरोबर ती नजरही घालवली.

आपली म्हण आहे ना, शितावरून भाताची परीक्षा? एका पातेल्यातला भात असेल तर ठीक. पण इथे शंभर पातेली आहेत, शंभर चुली आहेत. एक शीत शिजलं म्हणून बाकीचा भात शिजला असं नसतं. एका माणसावर स्क्रिप्ट नीट चालली, यावरून एवढंच कळतं की ती त्या एका माणसावर चालली.

तीन उदाहरणं देतो. तिन्हींत स्क्रिप्ट लाल अक्षरात काहीही ओरडत नाही. शांतपणे पूर्ण होते.

पहिलं, क्रमाचं. फोल्डरची नावं १, २, ३ अशी १०० पर्यंत दिलीत. तुम्हाला वाटतं संगणक ती त्याच क्रमाने वाचेल. पण तो अक्षरांच्या क्रमाने वाचतो: १, मग १०, मग १००, मग ११. तुमचा २ नंबरचा माणूस कुठेतरी तेराव्या जागी. तिकडे वयाची यादी एक्सेलमध्ये आहे, ती मात्र १, २, ३ अशी सरळ. स्क्रिप्ट पहिल्या स्कॅनला पहिलं वय लावते, दुसऱ्या स्कॅनला दुसरं. म्हणजे १० नंबरच्या मेंदूला २ नंबरच्या माणसाचं वय चिकटलं. स्कॅन शंभर, वयं शंभर, मोजणी जुळली, कुठेही एरर नाही. आणि शेवटी "वयाप्रमाणे मेंदूत असा बदल होतो" असा एक रंगीत नकाशा हातात. त्या नकाशाला काडीचाही अर्थ नाही.

उपाय सोपा आहे. नंबर ००१, ००२ असे लिहा. आणि त्याहून महत्त्वाचं, जोडणी ओळीच्या क्रमावरून कधीच करू नका, ओळख क्रमांकावरून करा. एक जरी क्रमांक एका यादीत असेल आणि दुसऱ्या यादीत नसेल, तर स्क्रिप्टने तिथेच थांबलं पाहिजे. २०१६ पासून या क्षेत्रात बिड्स नावाची एक पद्धत आहे. कुठलं फोल्डर कुठे, फाइलचं नाव कसं, माणसांची यादी कुठल्या फाइलमध्ये, सगळं ठरलेलं. सुरुवातीला कटकट वाटते. पण सगळ्यांची घरं एकाच नकाशावर बांधलेली असली की अंधारातही स्वयंपाकघर सापडतं, तसं आहे ते.

दुसरं, सारखेपणाचं. आमच्याकडे एकदा बाहेरच्या एका केंद्रातून डेटा आला. स्क्रिप्ट झकास चालली. पण शेवटच्या तक्त्यात दोन माणसांचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे दिसले. दोन वेगवेगळ्या मेंदूंचं असं होणं अशक्य. तिकडे कॉपी करताना एकच स्कॅन दोन नावांनी गेला होता. खरा दुसरा माणूस डेटात नव्हताच. तेव्हापासून आमची स्क्रिप्ट काम सुरू करायच्या आधी प्रत्येक फाइलचा चेकसम काढते, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा. दोन ठसे जुळले की काम बंद. चार ओळींचा कोड आहे.

तिसरं सगळ्यात मोठं. डोकं हलण्याचं. मशीनमध्ये झोपलेला माणूस किंचित हलतोच. सॉफ्टवेअर ते सरळ करतं, त्यामुळे बरीच वर्षं लोकांना वाटायचं की प्रश्न मिटला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की मिटलेला नाही. अगदी मिलिमीटरच्या भागाएवढी हालचालसुद्धा मेंदूच्या भागांमधल्या जोडणीचे आकडे बदलते. दूरच्या भागांमधली जोडणी कमी दिसते, जवळच्या भागांमधली जास्त दिसते.

आता विचार करा, जास्त हलतं कोण? लहान मुलं. वयस्कर माणसं. बरेचदा रुग्ण. म्हणजे तुम्ही ऑटिझम असलेली मुलं आणि इतर मुलं यांची तुलना करताय, आणि एक गट दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त हलला, तर "यांच्या मेंदूतली दूरची जोडणी कमकुवत आहे" असा निष्कर्ष निघू शकतो. खरं तर मूल फक्त चुळबुळ करत होतं. उद्या कुणी आई-बाबा रात्री मोबाईलवर तेच वाचतात. त्यांच्यासाठी ते आपल्या मुलाबद्दलचं वाक्य असतं. म्हणून मी म्हणतो, हा नुसता कोडिंगचा विषय नाहीये.

मग स्क्रिप्टला डोळे कसे द्यायचे?

मी करतो ते सांगतो. यातलं काही रॉकेट बनवण्याइतकं अवघड नाही.

आधी एक, मग तीन, मग सगळे. एकावर चालवा आणि प्रत्येक पायरीनंतरचं चित्र उघडून बघा. मग मुद्दाम वेगळे तीन निवडा: एक लहान मूल, एक वयस्कर, आणि वेगळ्या मशीनवर स्कॅन झालेला एक. त्यांच्यावर टिकली तर पुढे.

आकडे कोडमध्ये कोरू नका, फाइलमधून वाचा. ऑटिझमवरचा अबाइड नावाचा खुला डेटा आहे, २०१२ मध्ये आला. १७ ठिकाणांहून गोळा केलेले १,११२ लोक. काही ठिकाणी दर दोन सेकंदांनी चित्र काढलंय, काही ठिकाणी तीन. तुम्ही स्क्रिप्टमध्ये "२" लिहून ठेवलंत, तर तीनवाल्यांचा सगळा हिशोब चुकणार. आणि स्क्रिप्ट? ती गपचूप पूर्ण होणार.

प्रत्येक माणसाची वेगळी नोंदवही. म्हणजे लॉग फाइल. कधी सुरू, कधी संपलं, कुठली पायरी, काय एरर. एक माणूस अडकला तर बाकीच्यांचं काम थांबू नये, पण तो अडकला हे लपूही नये. शेवटी एक तक्ता हवाच: इतके आले, इतके पूर्ण, इतके अडकले, आणि या तिघांची बेरीज जुळते का. शंभर आत गेले आणि ९७ बाहेर आले, तर ते तिघे कोण, हे मला नावानिशी कळलं पाहिजे.

अर्धवट फाइलपासून सावध. फ्रीसर्फरला एका मेंदूला काही तास लागतात. समजा आठ. शंभर जणांचे आठशे तास, म्हणजे ३३ दिवस. एका वेळी आठ जण चालवले तर चार-पाच दिवस, तेही मेमरी पुरली तर. या चार दिवसांत लाईट जाणारच! गेली की एक फाइल अर्धी लिहिलेली राहते. पुन्हा सुरू केल्यावर स्क्रिप्ट म्हणते, फाइल आहे ना, मग झालंय, पुढे चला. म्हणून आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं. नाव बदललंय म्हणजे काम झालंय.

आवृत्ती लिहून ठेवा. २०१२ च्याच एका अभ्यासात दिसलं की फ्रीसर्फरची आवृत्ती बदलली, किंवा नुसती संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी त्याच मेंदूच्या मोजमापात फरक पडतो. त्यामुळे निम्मे लोक जुन्या लॅपटॉपवर आणि निम्मे नव्या सर्व्हरवर, असं करू नका. हाही पंक्तिप्रपंचच. डॉकरसारख्या डब्यात सगळं बंद करा आणि तोच डबा सगळीकडे उघडा.

डावं-उजवं तपासा. फाइलचं रूपांतर करताना बाजू उलटू शकते, आणि मेंदू दोन्हीकडून इतका सारखा दिसतो की नुसतं बघून पटकन कळत नाही. म्हणून काही ठिकाणी स्कॅनच्या वेळी डोक्याच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची गोळी चिकटवतात. ती चित्रात पांढरी चमकते. उजवीकडे लावलेली गोळी डावीकडे दिसली, की समजून जा.

आणि शेवटचं, माझं सगळ्यात आवडतं. लूपलाच चित्रं काढायला लावा. प्रत्येक माणसाचे चार-पाच काप, वर साच्याची रेषा, खाली डोक्याच्या हालचालीचा आलेख. सगळं एका पानावर, एकाखाली एक. शंभर लोकांचं पान मोबाईलवर स्क्रोल करायला वीस मिनिटं लागतात. इन्स्टावर आपण त्याहून जास्त स्क्रोल करतो! कुणाचा अर्धा मेंदूच कापला गेलाय, कुणाचा साच्यावर उलटा बसलाय, ते एका क्षणात दिसतं. हालचाल किती झाली तर माणूस वगळायचा, हे मात्र आधी ठरवा आणि स्क्रिप्टमध्ये लिहा. निष्कर्ष बघून नंतर माणसं वगळणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सेट करणं.

मेलेला मासा आणि तीस लाख फेऱ्या

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं केलं, आता तर निकाल बरोबर ना? एक परीक्षा अजून बाकी आहे. जिथे काहीच सापडायला नको, तिथे तुमच्या पद्धतीला काय सापडतं?

२००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. हो, मेलेल्या माशाला. नेहमीचं गणित केलं, आणि माशाच्या मेंदूत काही व्हॉक्सेल "सक्रिय" निघाले! कारण साधं आहे. लाखभर ठिकाणी नाणं उडवलंत तर कुठेतरी सलग दहा छापे पडणारच. इतक्या सगळ्या चाचण्यांसाठीची दुरुस्ती लावली, तेव्हा मासा पुन्हा शांत झाला. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं. हसू येतं, पण धडा पक्का आहे.

त्यानंतर २०१६ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी हीच परीक्षा प्रचंड प्रमाणावर घेतली. ४९९ निरोगी लोकांचे नुसते पडून राहिलेले स्कॅन घेतले, त्यातून पुन्हा पुन्हा यादृच्छिक गट पाडले, आणि एसपीएम, एफएसएल, एएफएनआय या तिन्हींवर जवळपास तीस लाख गट-विश्लेषणं चालवली. चुकीचे निकाल ५ टक्के यायला हवे होते. एका प्रकारच्या गणितात ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. शिवाय एका सॉफ्टवेअरमध्ये पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात न आलेला बग सापडला, जो तोपर्यंत दुरुस्त झाला.

मला यात एक गोष्ट फार आवडते. हे शोधलं कशाने? लूपनेच. तीस लाख वेळा हाताने कोण क्लिक करणार? तोच घाण्याचा बैल, पण या वेळी त्याला तेल काढायला नाही, घाणा तपासायला जुंपला होता. आपणही छोट्या प्रमाणावर हे करू शकतो. रुग्ण आणि निरोगी ही लेबलं मुद्दाम ढवळा, स्क्रिप्ट पुन्हा चालवा, असं हजार वेळा करा. ढवळलेल्या डेटातही दर वेळी "फरक" सापडत असेल, तर तुमच्या खऱ्या फरकावर विश्वास ठेवू नका.

तर मंडळी, सांगायचं ते इतकंच. स्क्रिप्टमध्ये जे सब-०२७ असं दिसतं, ते कुणीतरी अर्धा-पाऊण तास त्या आवाजात न हलता पडून राहिलेलं माणूस असतं. त्याने संमतीपत्रावर सही केली, बहुतेक वेळा स्वतःला काही फायदा नसताना. लूपसाठी तो एक फेरा आहे. आपल्यासाठी तो फेरा नसावा, एवढी सोय आपण कोडमध्ये करू शकतो. प्रत्येकाला सारखं वाढायचं, प्रत्येकाकडे एकदा तरी बघायचं, आणि कुणाला वगळलं तर ते का, हे लिहून ठेवायचं.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि हात आजमावायचा असेल, तर ओपनन्यूरोवर खुले डेटासेट आहेत, बिड्स पद्धतीत मांडलेले, फुकट. एखादा लहान डेटासेट घ्या, फक्त पाच माणसं निवडा आणि आधी विश्लेषण करूच नका. फक्त ते पाच मेंदूंचं स्क्रोल करायचं पान बनवणारी स्क्रिप्ट लिहा. तिथून सुरुवात करा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि कुणी "लूप लावून टाक" म्हणालं, तर विचारा, "लावतो, पण बघणार कोण?"